परिचारिकेच्या हातात सुई

30 ऑक्टोबर 1944 रोजी येनानमध्ये शिक्षक आणि सांस्कृतिक कार्यकर्त्यांपुढे बोलताना माओ त्से तुंगने एक हिशेब मांडला. कम्युनिस्टांच्या ताब्यातल्या शेन्सी-कान्सू-निंगशिया या सीमाप्रदेशाची लोकसंख्या पंधरा लाख. त्यात निरक्षर दहा लाखांहून अधिक आणि मांत्रिक-भगत दोन हजार. माणसं आणि गुरं दोन्ही पटापट मरत होती. जुन्या पद्धतीचे वैद्य आणि गुरांचे वैद्य मिळून हजारावर होते. नव्या वैद्यकातल्या डॉक्टरांनी या लोकांना जवळ केलं नाही, त्यांना पुढे आणलं नाही, तर ते एका अर्थी मांत्रिकांचीच मदत करत आहेत, असं माओने बजावलं.

सभेत असं बोलून मोकळं होणं सोपं होतं. येनानमधल्या दोघांनी मात्र ते अंगावर घेतलं. एक लू झिजुन, शल्यचिकित्सक. दुसऱ्या झू लियान. त्यांचं शिक्षण सूचौच्या प्रसूतिविद्यालयात झालं होतं, म्हणजे त्या पाश्चात्त्य पद्धतीच्या प्रशिक्षित सुईण. पुढे त्यांनी रेल्वेच्या रुग्णालयात नोकरी केली आणि मग कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेच्या आरोग्यखात्यात काम केलं. दोघांनाही चिनी वैद्यकाची फारशी ओळख नव्हती आणि त्यावर श्रद्धा तर नव्हतीच. येनानमध्ये रेन झुओतियान नावाचे एक वयस्क सुईवैद्य होते. हे दोघं त्यांचे विद्यार्थी झाले. 1945 मध्ये तिथल्या बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयात सुईचिकित्सेचा बाह्यरुग्ण विभाग उघडला आणि तो रेन यांच्याकडे सोपवण्यात आला.

आज चीनमध्ये परिचर्या शिकणाऱ्या मुलीला अभ्यासक्रमात यिन-यांग, जिभेची परीक्षा, तुंबड्या लावणं आणि काढ्याचे नियम शिकावे लागतात. हा सगळा भाग हजारो वर्षं असाच चालत आला असेल असं कोणालाही वाटेल. वैद्यक जुनं आहे हे खरं. पण ते परिचारिकेच्या वर्गात पोचलं ते विसाव्या शतकाच्या मध्यावर, आणि ते पोचवलं टंचाईने, युद्धाने आणि राजकारणाने.

त्याआधी परिचर्या आणि चिनी वैद्यक यांची वस्ती वेगवेगळ्या घरांत होती.

आधुनिक परिचर्या चीनमध्ये बोटीने आली. एलिझाबेथ मॅकेक्नी ही अमेरिकन मिशनरी परिचारिका 1884 मध्ये शांघायला उतरली. चारच वर्षांनी फूचौमध्ये परिचारिकांची पहिली शाळा निघाली. 1909 मध्ये कुलिंगच्या डोंगरावर परिचारिकांची संघटना स्थापन झाली, तीही प्रामुख्याने परदेशी मिशनरी बायकांच्या पुढाकाराने. 1920 मध्ये बीजिंगच्या पेकिंग युनियन मेडिकल कॉलेजात रॉकफेलर प्रतिष्ठानच्या पैशावर परिचर्येचं विद्यालय सुरू झालं. त्याची पहिली प्रमुख ॲना वूल्फ हीदेखील अमेरिकनच. पुस्तकं इंग्रजी, नमुने इंग्रजी-अमेरिकन. या वर्गांत चिनी वैद्यकाला दारातही उभं करत नसत.

उलट बाजूला, चिनी वैद्यकात परिचारिका नावाची व्यक्तीच नव्हती. वैद्य घरी येई, नाडी बघे, जीभ बघे, कागदावर औषधांची यादी लिहून निघून जाई. औषधाच्या दुकानातून कागदात बांधलेल्या पुड्या येत. त्या उकळायच्या कोणी, किती वेळ, रोग्याला पांघरूण किती घालायचं, खायला काय द्यायचं, हे सगळं घरातल्या बायका बघत. आपल्याकडे वैद्याने काढ्याची पुडी द्यावी आणि पुढचं आजीने बघावं, तसाच हा कारभार. रुग्णालय नाही, पाळी नाही, नोंदवही नाही. मग परिचर्या हा वेगळा विषय म्हणून कोणी कशाला लिहील?

1929 मध्ये तर हे वैद्यकच राहतं की जातं अशी वेळ आली. जपानमध्ये शिकलेले डॉक्टर यू युनशिऊ यांनी जुनं वैद्यक टप्प्याटप्प्याने बंद करावं असा प्रस्ताव नानजिंग सरकारच्या आरोग्य समितीपुढे मांडला आणि तो मंजूर झाला. 17 मार्चला देशभरचे वैद्य आणि औषधविक्रेते शांघायमध्ये जमले, दुकानं बंद ठेवली, शिष्टमंडळ राजधानीला गेलं. सरकारने माघार घेतली. त्या लढ्यातून वैद्यांनी एक धडा घेतला. टिकायचं असेल तर शाळा हवी, पाठ्यपुस्तक हवं, परीक्षा हवी. गुरूच्या घरी राहून शिकणं आता पुरेसं नव्हतं.

दोन घरांमधली भिंत पडायला सुरुवात झाली ती जपानविरुद्धच्या युद्धात, उत्तरेतल्या डोंगराळ खेड्यांत. जिन-चा-जी या तळप्रदेशात कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून 1938 मध्ये पोचले तेव्हा ‘परिचारक’ म्हणून त्यांच्यापुढे उभे राहिले ते शेतकऱ्यांचे पोरगे, कित्येकांना अजून मिसरूडही फुटलेलं नव्हतं. बँडेज कसं बांधायचं इथपासून त्यांना शिकवावं लागलं. सप्टेंबर 1939 मध्ये तिथे आरोग्यविद्यालय सुरू झालं. नोव्हेंबरात जंतुसंसर्गाने रक्तात विष भिनून बेथून गेले आणि शाळेला त्यांचं नाव मिळालं.

याच शाळेत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस शिकवत होते. भारतीय काँग्रेसने 1938 मध्ये पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातले ते एक. पथकात नागपूरचे डॉ. मोरेश्वर चोळकरही होते. जानेवारी 1941 मध्ये कोटणीस तिथल्या, म्हणजे येनानहून वेगळ्या, बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले. चिनी इतकं शिकले की वर्गात चिनीतून व्याख्यान देत. शाळेत परिचर्या शिकवणारी गुओ किंगलान पाश्चात्त्य पद्धतीचं शिक्षण घेतलेली होती. 1941 च्या नोव्हेंबरात दोघांचं लग्न झालं आणि 9 डिसेंबर 1942 रोजी अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीस गेले, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. जपानी नाकेबंदीमुळे बाहेरून औषधं येणं जवळपास बंद होतं. अशा ठिकाणी जे हाताशी असेल त्यावर भागवायचं, हा नियम वर्गात लिहून द्यावा लागत नव्हता.

झू लियान यांचं काम नेमकं इथून पुढे जातं.

युद्ध संपलं, यादवी सुरू झाली. 1948 च्या सुमारास हपेईमधल्या पिंगशान तालुक्यात उत्तर चीनच्या आरोग्यविद्यालयात त्यांनी सुईचिकित्सेचे वर्ग चालवले. समोर सैन्यातले आरोग्यसेवक, सुइणी, परिचर्येचं काम करणारी मुलं-मुली. यांना वर्षानुवर्षं ग्रंथ घोकायला लावणं शक्य नव्हतं. थोड्या महिन्यांत हात तयार करून गावोगाव पाठवायचे होते. मग झू लियान यांनी शिकवण्याची रीतच बदलली.

जुन्या पद्धतीत शेकडो बिंदू देहभर फिरणाऱ्या वाहिन्यांच्या क्रमाने पाठ करावे लागत. झू लियान यांनी शरीराचे भाग पाडले. डोकं, पाठ, छाती, हात, पाय. सुइणीला हाड-स्नायू ठाऊक असतात, तेव्हा तिथूनच सुरुवात. अंतर मोजायला पट्टी लागत नाही, रोग्याचंच शरीर माप होतं. त्याचं मधलं बोट वाकवलं की मधल्या पेराच्या दोन घड्यांमधलं अंतर म्हणजे एक त्सुन. त्याचीच चार बोटं जुळवून आडवी ठेवली की तीन त्सुन. गुडघ्याच्या वाटीखाली ही चार बोटं ठेवायची आणि नडगीच्या हाडापासून बाहेरच्या अंगाला बोटभर सरकायचं. पोटदुखीपासून थकव्यापर्यंत ज्याचा वापर होतो तो बिंदू तिथे सापडतो. उंच शिपाई असो की पाच वर्षांचं पोर, माप चुकत नाही, कारण ज्याचं शरीर त्याचंच माप.

सुई कशी घालायची याचेही नियम. आधी स्पिरिटने बोट, कातडी आणि सुई पुसायची, ही शिस्त सुइणीच्या शिक्षणातून आलेली. मग सुई अंगठा आणि तर्जनीत धरून हलके हलके पिळत आत न्यायची, खुपसायची नाही. वेदना किंवा उबळ शमवायची असेल तर जोरकस आणि लांब वेळ उत्तेजना, सुई तशीच ठेवून द्यायची. मंद पडलेल्या अवयवाला जागं करायचं असेल तर हलकी, झटपट. हे दोन प्रकार त्या मज्जासंस्थेच्या भाषेत समजावत, एक दमन आणि दुसरं उत्तेजन. जुने वैद्य ज्याला ‘ची’ म्हणत त्या प्राणशक्तीची जागा इथे रशियन शास्त्रज्ञ पावलोव्हच्या शरीरशास्त्राने घेतली. जी मुलं कालपर्यंत इंजेक्शनची सिरिंज उकळायला शिकली होती, त्यांना ही भाषा परकी वाटली नाही.

1951 मध्ये झू लियान यांचं ‘नवी सुईचिकित्सा’ हे पुस्तक प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी आरोग्य मंत्रालयाखाली बीजिंगमध्ये सुईचिकित्सेची प्रायोगिक संस्था उघडली आणि ती त्यांच्या हाती आली. पुस्तकाची परदेशी भाषांत भाषांतरं झाली, सोव्हिएत डॉक्टर बीजिंगला येऊन शिकून गेले. या डॉक्टरांपुढे चिनी वैद्यक आलं ते दाढीवाल्या वृद्ध वैद्याच्या रूपात नव्हे, तर एका सुइणीच्या पाठ्यपुस्तकातून.

यादवी जिंकून आलेल्या कम्युनिस्टांच्या नव्या राजवटीतही डॉक्टरांना हे सगळं पटत होतं असं नाही. ऑगस्ट 1950 च्या राष्ट्रीय आरोग्य परिषदेने चिनी आणि पाश्चात्त्य वैद्यांनी एकत्र काम करावं असं ठरवलं खरं, पण मंत्रालयातले वांग बिन आणि हे चंग हे उपमंत्री जुन्या वैद्यांना सरंजामी अवशेष मानून त्यांनी आधी शरीरशास्त्राच्या परीक्षा द्याव्यात असा आग्रह धरत होते. नियम कडक होते आणि बहुतेक वैद्य त्यात बसत नव्हते. 1954-55 मध्ये वारं फिरलं. या दोघांवर वर्तमानपत्रांतून जाहीर टीका झाली, त्यांची पदं गेली. आता उलटा हुकूम निघाला. पाश्चात्त्य डॉक्टरांनी चिनी वैद्यक शिकावं.

19 डिसेंबर 1955 रोजी बीजिंगमध्ये चिनी वैद्यक संशोधन अकादमी स्थापन झाली. लू झिजुन तिचे प्रमुख, झू लियान उपप्रमुख. सोबतच पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्या डॉक्टरांसाठी अडीच वर्षांचा पूर्णवेळ वर्ग सुरू झाला. पुढच्या वर्षी बीजिंग, शांघाय, ग्वांगचौ आणि चंगतू इथे चिनी वैद्यकाची चार महाविद्यालयं निघाली. नोकरीतल्या डॉक्टरला पगारी रजा देऊन बाकावर बसवण्याचा हा प्रयोग पुढेही चालू राहिला. औषधशास्त्र शिकलेल्या तू यूयू 1959 ते 1962 या काळात अशाच एका वर्गात होत्या. पुढे जुन्या ग्रंथातल्या, दवण्याच्या जातकुळीतल्या एका वनस्पतीच्या नोंदीवरून त्यांनी हिवतापावरचं आर्टेमिसिनिन वेगळं काढलं आणि 2015 चं नोबेल मिळवलं. मात्र गुण ठरला तो प्रयोगशाळेत, ईथरने काढलेल्या अर्कावर. नुसत्या ग्रंथाच्या आधारावर नाही.

कोटणीसांच्या पथकातले कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू याच सुमारास पुन्हा चीनला गेले, तिथे सुईचिकित्सा शिकले आणि 1959 मध्ये परतून त्यांनी कलकत्त्यात ती सुरू केली. भारतात ही विद्या रुजली ती मुख्यतः त्यांच्यामुळे आणि पुढे कोटणीसांच्या नावाने चाललेल्या समित्यांमुळे. महाराष्ट्राने तिला मान्यता दिली ती 2015 च्या स्वतंत्र कायद्याने.

पण महाविद्यालयांसोबत चिनी वैद्यकाची रुग्णालयंही उघडली होती, आणि तिथे एक गोष्ट लगेच लक्षात आली. शंभर खाटांवर शंभर रोगी आहेत, प्रत्येकाचा काढा वेगळा, आणि तो उकळायला घरची बाई नाही. परिचारिका आहेत, पण त्या शिकलेल्या आहेत थर्मामीटर आणि एनिमा. वैद्याने चिठ्ठीवर ‘नंतर घाला’ असं लिहिलं तर त्याचा अर्थ त्यांना कळत नाही.

परिचारिकांना हे शिकवायचं काम नानजिंगने हाती घेतलं. तिथे 1954 मध्ये वैद्यांच्या पुढच्या शिक्षणासाठी एक शाळा निघाली होती. सुईचिकित्सेचे नामवंत शिक्षक चंग तानआन तिचे पहिले प्रमुख. देशभर वापरली गेलेली अनेक पाठ्यपुस्तकं याच मंडळींनी लिहिली. 1950 च्या दशकाच्या अखेरीस नानजिंगमधूनच चिनी वैद्यकातल्या परिचर्येवरचं पहिलं पद्धतशीर पुस्तक आलं. लिहिणाऱ्यांपुढे अडचण अशी की या विषयाला आधीचा ग्रंथच नव्हता. मग त्यांनी वैद्यांच्या ग्रंथांतून शुश्रूषेच्या ओळी वेचायला घेतल्या. आणि त्या सापडल्याही, भरपूर.

सगळ्यात चांगलं उदाहरण दुसऱ्या-तिसऱ्या शतकाच्या संधीवरच्या झांग झोंगजिंग यांचं. दालचिनीच्या कोवळ्या काड्या, पिओनीचं मूळ, ज्येष्ठमध, आलं आणि बोरं यांचा काढा त्यांनी थंडी बाधून आलेल्या तापावर सांगितला आहे. पण औषध दिलं की काम संपलं असं ते मानत नाहीत. काढा पोटात गेल्यावर थोड्या वेळाने रोग्याला गरम पातळ पेज द्यायची, म्हणजे औषधाला जोर येतो. मग पांघरूण घालून साधारण दोन तास ठेवायचं. सगळ्या अंगाला बारीक घाम यावा, पण धारा लागू देऊ नयेत, तसं झालं तर आजार हटत नाही. पहिल्याच वाटीने घाम आला तर पुढच्या वाट्या थांबवायच्या. कच्चं, थंड, तेलकट, मांस, उग्र वासाचं खायला देऊ नये. यात वैद्याचं काम दोन ओळींचं आहे आणि बाकी सगळी परिचर्या. सतराशे वर्षं ती औषधाच्या पोटात दडून होती. नानजिंगकरांनी ती वेगळी काढून तिला धड्याचं रूप दिलं.

तांग काळातल्या सुन सिमियाओ यांच्या ग्रंथात लघवी अडलेल्या रोग्यासाठी कांद्याच्या पातीची पोकळ नळी वापरण्याची कृती आहे. टोक कापून ती हलकेच आत सरकवायची आणि फुंकर मारायची. आज तो उतारा परिचर्येच्या वर्गात कॅथेटरच्या धड्याआधी हमखास सांगितला जातो. अशा नोंदींनी विद्यार्थिनींना पूर्वजांचा अभिमान दिला आणि विषयाला वंशावळ मिळाली. ती वंशावळ नंतर बसून लिहिलेली होती, हेही तितकंच खरं.

वर्गातला रोजचा अभ्यास मात्र जमिनीवरचा होता. काढा मातीच्या भांड्यात करायचा, लोखंडी चालत नाही. औषधं आधी गार पाण्यात भिजवायची. जिप्समसारखी खनिजं आणि कालवांचे शिंपले सत्त्व सोडायला वेळ घेतात, म्हणून ती आधी उकळायची. पुदिन्यासारखी सुवासिक पानं शेवटच्या पाच मिनिटांत, नाहीतर वासाबरोबर गुणही उडून जातो. लव असलेली फुलं फडक्यात बांधून टाकायची, नाहीतर रोग्याच्या घशात खवखवतं. जिनसेंग महाग, म्हणून वेगळं उकळायचं, बाकीच्या पाल्याने ते शोषून घेऊ नये. ‘आधी’, ‘नंतर’, ‘बांधून’, ‘वेगळं’ हे चिठ्ठीवरचे छोटे शेरे आता परिचारिकेला वाचता येऊ लागले.

जिभेचा धडाही असाच. बघायची ती दिवसाच्या उजेडात, पिवळ्या दिव्याखाली नाही, कारण पिवळसर थर दिव्यात ओळखू येत नाही. रोग्याने नुकतंच काय खाल्लं ते आधी विचारायचं, कारण रंगीत फळाने किंवा औषधाने थराचा रंग बदलतो. ‘थंड’ प्रकृतीच्या आजारात रोग्याची खाट उन्हाच्या बाजूला, प्यायला गरम. ‘उष्ण’ आजारात हवेशीर खोली, पांघरूण हलकं. डॉक्टरच्या निदानानुसार परिचर्याही बदलली पाहिजे, हे सूत्र इथून रुजलं. आणि गंमत अशी की झू लियान यांनी बाजूला सारलेली यिन-यांगची भाषा नव्या पाठ्यपुस्तकांतून दिमाखाने परत आली. एकाच दशकात विद्यार्थिनींना आधी मज्जातंतू शिकवले गेले आणि मग प्राणवाहिन्या. 1960 च्या दशकात झू लियान बीजिंग सोडून दक्षिणेत नाननिंगला होत्या. 1978 मध्ये तिथेच त्या गेल्या. त्यांच्या पुस्तकाची तिसरी आवृत्ती निघाली ती त्यांच्या मागे, 1980 मध्ये.

मधली दहा वर्षं सांस्कृतिक क्रांतीची. परिचर्येच्या शाळा बंद पडल्या. रुग्णालयांत डॉक्टर-परिचारिका हा भेदच मोडायचं ठरलं. डॉक्टरांनी भांडी घासायची, परिचारिकांनी औषधं लिहून द्यायची. खेड्यांत काही महिन्यांच्या शिक्षणावर ‘अनवाणी डॉक्टर’ उभे राहिले, दहा लाखांहून जास्त. सुया, स्थानिक झाडपाला आणि थोडी पाश्चात्त्य औषधं त्यांच्या पेटीत एकत्र नांदली. त्यांच्यासाठी छापलेल्या जाडजूड पुस्तिकांपैकी हुनान प्रांतातली एक 1974 मध्ये अमेरिकेत इंग्रजीतही आली.

जुलै 1971 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सचे जेम्स रेस्टन बीजिंगमध्ये आजारी पडले आणि त्यांचं अपेंडिक्स काढावं लागलं. शस्त्रक्रिया नेहमीच्या भूल-पद्धतीने झाली. दुसऱ्या रात्री पोट फुगून दुखायला लागलं तेव्हा एका तरुण सुईवैद्याने कोपराला आणि गुडघ्यांखाली सुया लावल्या आणि पोटाजवळ औषधी पाल्याचे निखारे धरले. तासाभरात आराम पडला, असं रेस्टन यांनी लिहिलं आणि अमेरिकेत सुईचिकित्सेचं वेड सुरू झालं. हा वैद्य कुठल्याच वैद्यकीय महाविद्यालयात गेला नव्हता, तो रुग्णालयातच उमेदवारी करून शिकला होता. ते रुग्णालय म्हणजे रॉकफेलरच्या पैशाने उभं राहिलेलं तेच पेकिंग युनियन, तेव्हा त्याचं नाव साम्राज्यवादविरोधी रुग्णालय असं ठेवलेलं होतं.

परिचर्येचं पदवी शिक्षण 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला थांबलं होतं. ते 1983 मध्ये त्येनचिनला पुन्हा सुरू झालं. पाठोपाठ चिनी वैद्यकाच्या महाविद्यालयांतही परिचर्येचे विभाग निघाले आणि दोन्हीकडच्या अभ्यासक्रमांत या विषयाचे तास आले. चिनी वैद्यकाच्या रुग्णालयात आज परिचारिका कानावर बारीक बिया चिकटवते, तुंबड्या लावते, शिंगाच्या पट्टीने पाठ घासते, पेटवलेल्या पाल्याच्या कांडीने शेक देते. कांडी कातडीपासून किती बोटं दूर, राख कधी झाडायची, भाजल्याचा फोड आला तर काय करायचं, यावर तिची प्रात्यक्षिक परीक्षा होते. लांब सुई मात्र बहुतेक ठिकाणी डॉक्टरच टोचतो. पिंगशानच्या वर्गात सुइणी-परिचारकांना पहिल्यांदा शिकवलेलं कौशल्य पदवी आल्यावर त्यांच्या हातातून गेलं. त्या जागी औषधाभोवतीची आणि शेकाची कामं आली.

देशभरच्या नोंदणी परीक्षेच्या अभ्यासक्रमात चिनी वैद्यकाच्या मूलतत्त्वांचं एक प्रकरण असतं. पुढे आयुष्यभर व्हेंटिलेटरच्या शेजारी पाळी करणार असलेल्या मुलीलाही काढा कधी गरम द्यायचा आणि कधी गार, याचं उत्तर तिथे लिहावं लागतं.